ठमीची खीर कुणी अडवली?

चमचा आला.

चमचा जवळ आला.

चमचा ओठाला लागला. चमच्यात खीर होती. पांढरी, मऊ, वेलचीच्या वासाची.

मी तोंड उघडलं. आऽ!

आणि चमचा गेला!

गेला म्हणजे गेला. आला तसा मागे गेला. माझं तोंड उघडंच राहिलं. लाळेचा एक थेंब तेवढा खाली पडला. टप्!

मी ठमी. बारशाला माझं नाव इरावती ठेवलं. ते नाव त्या दिवशी एकदा वापरलं आणि मग शाळेसाठी जपून ठेवलं. घरात सगळे ठमीच म्हणतात.

मला मान धरता येते. मला पालथं पडता येतं. मी पहिल्यांदा पालथी पडले तेव्हा घरभर पेढे वाटले. मी केलं काय होतं? कूस बदलली होती. बाबा रोज कूस बदलतो. त्याला कुणी पेढा देत नाही. आता मला पोटावर सरपटता येतं. रांगायला लागले की पुन्हा पेढे. पेढे सगळे खातात. मी सोडून!

माझ्या वाट्याला दूध. सकाळी दूध. दुपारी दूध. संध्याकाळी काय? दूधच!

पण आज माझं उष्टावण. म्हणजे आज माझा पहिला घास. तो मामाने भरवायचा असतो. म्हणून पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी काढली. पाटावर श्रीरंगमामा बसला. मामाच्या मांडीवर मी बसले. मामाच्या हातात चांदीची वाटी. वाटीत खीर, अगदी काठोकाठ. सगळं माझ्यासाठी! निदान सगळे तसं म्हणत तरी होते.

आणि तरी चमचा गेला.

मी म्हटलं, "अगूऽ!"

मोठ्या माणसांना नुसतं अगू ऐकू येतं. त्यांचे कान मोठे, पण उपयोग काही नाही. मी म्हटलं होतं:

"मामा, मामा, चमचा दे!
चमचा नाही म्हणून ठमी उपाशी!"

मामा म्हणाला, "थांबा हं, ठमाबाई! फोटोशिवाय उष्टावण होतं का कुठे? आधी फोटो. मग चमचा!"

बरं बाई. मी मामाच्या मांडीवरून घसरले. पोटावर पडले. आणि निघाले.

घसर घसर, थप्! घसर घसर, थप्!

मागे वळून पाहिलं. तर मामाने खिरीचा चमचा स्वतःच्याच तोंडात घातला. सुर्रुक!

"गरम आहे का बघतो," मामा म्हणाला.

बाबा खिडकीपाशी होता. त्याच्या हातात फोन होता. फोन असा धरून बघत होता, तसा धरून बघत होता. मी म्हटलं, "अगूऽ!" म्हणजे:

"बाबा, बाबा, फोटो काढ!
फोटो नाही म्हणून मामा चमचा देईना.
चमचा नाही म्हणून ठमी उपाशी!"

"ऐकलंत? बाबा म्हणाली!" बाबा ओरडला. मी अजिबात बाबा म्हटलं नव्हतं. "काढतो हं फोटो. पण असा? उघड्या डोक्याने? सगळ्या नातेवाइकांना पाठवायचाय. लोक काय म्हणतील? आधी कुंची. मग फोटो!"

कुंची म्हणजे टोपडं. पण पाठीवर लोंबणारं. ती आत्याने आणली होती. जरीची, गोंड्यांची. मला टोचणारी.

लोक काय म्हणतील ते मला माहीत नाही. ठमी काय म्हणते ते कुणी विचारत नाही. निघाले.

घसर घसर, थप्! घसर घसर, थप्!

मागे वळून पाहिलं. मामाने दुसरा चमचा तोंडात घातला. सुर्रुक!

"गोड आहे का बघतो," मामा म्हणाला.

वृंदाआत्या बाल्कनीत होती. पिशवी मांडीवर, तोंड रस्त्याकडे. सिन्नरहून सकाळीच आली होती आणि आल्यापासून अशीच बसली होती. मी म्हटलं, "अगूऽ!" म्हणजे:

"आत्या, आत्या, कुंची घाल!
कुंची नाही म्हणून बाबा फोटो काढीना.
फोटो नाही म्हणून मामा चमचा देईना.
चमचा नाही म्हणून ठमी उपाशी!"

"बघा!" आत्या म्हणाली. "एवढ्याशा लेकराला माझी कीव आली. आणि तुझी आजी? मामा आला तर 'या, बसा, पाणी घ्या!' मी आले तर काय? 'आलीस का, चपला आत काढ!' मी काय परकी आहे? आजी मला मानाने बोलावू दे. आधी बोलावणं. मग कुंची!"

आत्याने कुंची पिशवीत अजून खोल कोंबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचं वाईट वाटलं. पण मला भूकही लागली होती. भूक जास्त होती.

घसर घसर, थप्! घसर घसर, थप्!

मागे वळून पाहिलं. मामाने आणखी एक चमचा घेतला. सुर्रुक! सुर्रुक! एक नाही, दोन घेतले!

"वेलची जास्त तर नाही ना पडली, ते बघतो," मामा म्हणाला.

वाटी आता अर्धी झाली होती. मला खालूनसुद्धा दिसत होतं.

आजी आतल्या खोलीत होती. पैठणी नेसून, नथ घालून, दाराआड उभी होती. मी तिच्या पायाला थप् केलं. मी म्हटलं, "अगूऽ!" म्हणजे:

"आजी, आजी, आत्याला बोलाव!
बोलावणं नाही म्हणून आत्या कुंची घालीना.
कुंची नाही म्हणून बाबा फोटो काढीना.
फोटो नाही म्हणून मामा चमचा देईना.
चमचा नाही म्हणून ठमी उपाशी!"

"अगं माझे बाई, आले हं, आले," आजी म्हणाली. पण हलली नाही. "मी बाहेर कशी येऊ? तुझे आजोबा बघ! घरात पाहुणे, सुनेचा भाऊ आलेला, आणि हे बनियनवर! तसेच फोटोत येतील. मग जन्मभर सगळे मलाच बोलतील. आजोबांना सदरा घालू दे. आधी सदरा. मग बोलावणं!"

आजोबांचं बनियन मला आवडतं. त्याला भोकं आहेत. बोट घालायला बरी पडतात. पण आजीपुढे कोण बोलणार? निघाले.

घसर घसर, थप्! घसर घसर, थप्!

मागे वळून पाहिलं. दारातून मामा दिसत होता. सुर्रुक!

"गार तर नाही ना झाली, ते बघतो," मामा म्हणाला.

आधी गरम आहे का बघत होता. आता गार झाली का बघतोय. हा मामा सगळंच बघतो, फक्त मला बघत नाही!

आजोबा खुर्चीत होते. समोर पेपर होता. पेपरच्या वर टक्कल, पेपरच्या खाली पाय. मी पायाला धरलं. मी म्हटलं, "अगूऽ!" म्हणजे:

"आजोबा, आजोबा, सदरा घाला!
सदरा नाही म्हणून आजी बोलावीना.
बोलावणं नाही म्हणून आत्या कुंची घालीना.
कुंची नाही म्हणून बाबा फोटो काढीना.
फोटो नाही म्हणून मामा चमचा देईना.
चमचा नाही म्हणून ठमी उपाशी!"

पेपर खाली आला. "काय म्हणता, ठमाबाई? तुम्हालापण चहा नाही मिळाला?" आजोबा म्हणाले. "सकाळी एक कप मिळाला, त्यानंतर कुणी ढुंकून बघितलं नाही. उष्टावण आहे म्हणून काय चहा बंद? चहाशिवाय माझा हात वर होत नाही. मग बाहीत कसा जाणार? आधी चहा. मग सदरा!"

आणि पेपर वर गेला.

आता मला रडू यायला लागलं. ओठ वाकडा झाला. पण रडले तर सगळे धावतील आणि तोंडात काय घालतील? दूध! मी रडू गिळलं आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

घसर घसर, थप्! घसर... घसर... थप्.

मागे वळून पाहिलंच नाही. नुसता आवाज आला. सुर्रुक!

आई ओट्यापाशी होती. नवी साडी, कपाळावर घाम, हाताला पीठ. एकीकडे पुऱ्या लाटत होती. एकीकडे भाजी ढवळत होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. मी तिच्या साडीच्या निऱ्या धरल्या. दोन्ही मुठींत. घट्ट! मी म्हटलं, "अगूऽ!" म्हणजे:

"आई, आई, चहा कर!
चहा नाही म्हणून आजोबा सदरा घालीनात.
सदरा नाही म्हणून आजी बोलावीना.
बोलावणं नाही म्हणून आत्या कुंची घालीना.
कुंची नाही म्हणून बाबा फोटो काढीना.
फोटो नाही म्हणून मामा चमचा देईना.
चमचा नाही म्हणून ठमी उपाशी!"

"अगं बाई, तू इथे?" आईने गॅस बंद केला. "घरात इतकी माणसं, आणि एकाचंही लक्ष नाही! सोड, राणी, निऱ्या सोड. साडी सुटेल माझी. तू निऱ्या सोडल्याशिवाय मला पाऊल उचलता येत नाही. आधी निऱ्या सोड. मग काय ते सांग!"

आता आली का पंचाईत!

सगळ्यांचं दुसऱ्या कुणावाचून अडलं होतं. आईचं माझ्यावाचून अडलं होतं. आणि मला धरता येतं. सोडता येत नाही. ते अजून कुणी शिकवलंच नाही. खुळखुळा धरला की धरला. आजोबांचा कान धरला की धरला. मूठ उघडायची कशी?

मी मुठीकडे पाहिलं. मूठ माझ्याकडे बघत राहिली.

मी जोर केला. "अंऽऽ!" एक बोट उघडलं. टुक्! "अंऽऽ!" आणखी एक उघडलं. टुक्! मग सगळी मूठ उघडली. मग दुसरीही उघडली. निऱ्या सुटल्या!

यावर कुणी पेढे वाटले नाहीत. कुणी पाहिलंच नाही.

निऱ्या सोडल्या म्हणून आई मोकळी झाली. "आता तुझ्या आजोबांना चहा ठेवते, म्हणजे ते तरी कपडे करतील," ती म्हणाली. बुडबुड बुडबुड, चहा उकळला.

चहा मिळाला म्हणून आजोबांनी सदरा घातला. फुर्र फुर्र प्याले, आणि एक हात इकडे, एक हात तिकडे!

सदरा घातला म्हणून आजीने आत्याला बोलावलं. "वृंदे, ये गं. तुझ्याशिवाय कशी सुरुवात करायची?"

बोलावलं म्हणून आत्याने कुंची घातली. आधी जरा रडली. मग आजीच्या गळ्यात पडली. मग माझ्या डोक्यावर कुंची. टोच टोच!

कुंची घातली म्हणून बाबाने फोन वर धरला. "सगळे या! जवळ या! मामा, चमचा वर घ्या!"

सगळे गोळा झाले. आईने मला मामाच्या मांडीवर ठेवलं आणि पुऱ्यांकडे पळाली.

आता! आता चमचा येणार! मी तोंड उघडलं. आऽऽ!

मामाने वाटीत चमचा घातला. टण्!

मामाने वाटीत वाकून पाहिलं. वाटी गप्प.

मामा बाबाच्या कानात हळूच काहीतरी बोलला. बाबा हळूच हसला. "असू द्या हो. रिकामा चमचा लावा तोंडाला. फोटोत काय कळतंय!"

चमचा आला. जवळ आला. तोंडात शिरला.

चमच्यात काहीच नव्हतं! थंडगार, गुळगुळीत, बेचव चमचा!

"हसा!" बाबा म्हणाला. खट्! "झालं बरं का उष्टावण!"

टाळ्या वाजल्या. "चला, पानं घ्या," आजी म्हणाली. "पुऱ्या गार होतील," आजोबा म्हणाले. सगळे वळले सुद्धा!

माझ्या छातीत असं काही भरून आलं ना! राग! नुसता राग! माझं उष्टावण, माझी वाटी, माझी खीर, आणि मलाच रिकामा चमचा?

मी तोंड मिटलं. चमच्यावर! हिरड्यांनी घट्ट, ओठांनी घट्ट.

मामाने चमचा ओढला. चमचा येईना.

बाबाने ओढला. चमचा येईना.

"दात येत असतील," बाबा म्हणाला. "थांबा, फोनवर बघतो."

"कुंची टोचत असेल," आजोबा म्हणाले.

"कुंची नाही टोचत!" आत्या म्हणाली आणि पुन्हा पिशवी शोधायला लागली.

"दृष्ट लागली," आजी म्हणाली. "मीठ-मोहऱ्या आणा!"

मी मामाच्या हातातल्या वाटीला एक थप् दिली. वाटी उलटी झाली. टण्ण्ण्! रांगोळीवर पडली. आतून काही सांडलं नाही. एक थेंबसुद्धा नाही.

सगळ्यांनी वाटीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामाच्या मिशीला खीर लागली होती. पांढरी, मऊ, वेलचीच्या वासाची.

"श्री!" स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडली. "सगळी खाल्लीस?"

"नाही... म्हणजे... बघत होतो," मामा म्हणाला.

मी काही बोलले नाही. तोंडात चमचा होता. पण या वेळी सगळ्यांना नीट ऐकू आलं:

खीर नाही म्हणून ठमी चमचा सोडीना!
चमचा सोडीना म्हणून मामा पाटावरून उठेना.
मामा उठेना म्हणून पंगत बसेना.
पंगत बसेना म्हणून सगळे उपाशी!

आजोबांच्या पोटात गुरगुरलं. बाबाच्या पोटात गुरगुरलं. आत्याने पुरीकडे पाहिलं. आजीने आत्यावर डोळे वटारले. पाहुण्याच्या आधी कोण जेवणार?

"पातेल्यात आहे का गं थोडी?" आजीने विचारलं.

"पातेल्यात नाही," आई म्हणाली. "आणि मी आता बसणार आहे. सकाळपासून उभी आहे. खीर करा आणि द्या माझ्या लेकीला!"

आई खरंच बसली. पाटाशेजारी, पंख्याखाली. तिला असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग काय धावपळ! आजोबा सदऱ्यानिशी दूध आणायला पळाले. चट चट चट! आजीने पैठणी खोचली आणि तांदळाची पिठी भाजली. खर्र खर्र! आत्याने साखर घातली. बाबा ढवळायला लागला. घुर्र घुर्र! "फोन ठेव आधी, फोन पडेल खिरीत!" आत्या ओरडली. बाबाने फोन ठेवला. जगात पहिल्यांदा ठेवला!

मामा मात्र हलला नाही. त्याच्या मांडीवर मी होते ना. नुसता वास घेत बसला. बरं झालं!

खीर झाली. खीर निवली. वाटी भरली, काठोकाठ.

खीर आली म्हणून मी चमचा सोडला.

मामाने चमचा भरला. मिशी पुसली. आणि चमचा आला. चमचा जवळ आला. चमचा ओठाला लागला. आणि आत आला!

गट्टम्!

अगं आई गं! गोड! कोमट! जिभेवर बसली, इकडे गेली, तिकडे गेली, अर्धी हनुवटीवर आली, पण अर्धी आत गेली. हे असं असतं होय! आणि मला इतके दिवस नुसतं दूध!

मी हसले. सगळं तोंड उघडून हसले. मामाचे डोळे भरून आले. "माफ कर गं, ठमे," तो म्हणाला. आई हसली. सगळे बघत राहिले.

आणि बाबा ओरडला, "अरे! हा फोटो राहिलाच! परत एकदा भरवा!"

परत एकदा? मी तयार. आऽ! गट्टम्!

"श्शी! फोन हलला. परत एकदा!"

आऽ! गट्टम्!

"आजोबांनी डोळे मिटले. परत एकदा!"

आऽ! गट्टम्!

"आत्याचा पदर मध्ये आला. परत एकदा!"

आऽ! गट्टम्! आऽ! गट्टम्! आऽ! गट्टम्!

मी फोटोला नाही म्हटलं का कधी? मुळीच नाही. काढा की! हवे तितके काढा!

फोटो एकही धड आला नाही. वाटी मात्र संपली. चाटूनपुसून संपली.

मग पंगत बसली. पुऱ्या गार झाल्या होत्या, तरी सगळ्यांनी खाल्ल्या. आईला सगळ्यांत आधी वाढलं. आणि मी? मी आईच्या मांडीवर पालथी पडले, आणि एक मोठा ढेकर दिला. ढुर्रर्र!

खीर गेली पोटात,
गोष्ट आली ओठांत.
ऐकलं त्यांनी तोंड उघडा,
आऽऽ!